तळ्यातील व काचपात्रातील सुगंधी पाणवनस्पती

गावात तळे असो वा शेतात शेततळे, त्याच्या काठावर उभे राहून दोनच प्रश्न बहुधा विचारले जातात : पाणी किती दिवस पुरेल आणि मासे किती निघतील. ह्याच पाण्यात सुगंधी वनस्पतींचे पीकही घेता येते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कमळ देवाला वाहावे, वेखंड काष्ठौषधीच्या दुकानातून आणावे आणि आंबुली तण म्हणून उपटून बांधावर टाकावी, अशी वहिवाट आहे. वास्तविक ह्या तिन्ही वनस्पती एकाच तळ्याच्या निरनिराळ्या भागांत सुखाने नांदणाऱ्या आहेत. कमळ हातभर व त्याहून खोल पाण्यात वाढते, आंबुली वीतभर पाण्यात आणि वेखंड काठच्या चिखलात. एकीची जागा दुसरीला फारशी लागत नाही.

लागवडीस हात घालण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. सुगंध हा वनस्पतीच्या सर्व अंगात व सर्व काळ सारखा नसतो. कमळाचा सुगंध फुलात असतो आणि तोही फूल उमलल्यावर पहिल्या एकदोन सकाळीच खरा भरलेला असतो. वेखंडाचा मुख्य सुगंध चिखलातील खोडात असतो. आंबुलीचा सुगंध पानात असतो, परंतु पान पाण्याबाहेर आल्यावाचून तो नाकाला लागत नाही. "झाड लावले पण वास नाही," ही तक्रार कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार येते. तिचे मूळ बहुतेक वेळा रोपात नसून, सुगंध कोठे व केव्हा शोधावयाचा हे ठाऊक नसण्यात असते.

नावांचा घोळ

बाजारात व बोलण्यात कमळ, कुमुद आणि कुमुदिनी ही नावे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरली जातात. त्यामुळे रोपे आणताना फसगत होते. पान पाहिले की हा घोळ मिटतो. कमळाचे मोठे पान अखंड गोल असून देठ त्याच्या मध्यभागी छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो. जून झालेली पाने पाण्याच्या वर हातभर उभी राहतात आणि त्यांवर पडलेले पाणी मोत्याप्रमाणे घरंगळते. कुमुदाचे पान पाण्यावर पसरलेले असते आणि त्यास देठापर्यंत गेलेली एक चीर असते. गोव्यात ज्याला साळक म्हणतात ते पुष्कळदा हेच कुमुद होय. कुमुदिनी ही तिसरीच वनस्पती आहे. तिची फुले लहान व पांढरी असून पाकळ्यांच्या कडांना झालर असते. साताऱ्याजवळील कास पठारावर जो कुमुदिनी तलाव प्रसिद्ध आहे तो हिच्यामुळेच. ती दिसावयास मोहक असली तरी सुगंधाच्या दृष्टीने तिची गणना करण्याचे कारण नाही.

कुमुदातही दोन स्वभावाचे प्रकार आहेत. निळसर वा पांढऱ्या फुलांचा एक प्रकार सकाळी उमलून दुपारनंतर मिटतो. ह्याला मंद व गोड वास असतो. दुसरा प्रकार सूर्यास्ताच्या सुमारास उमलतो व दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटतो. ज्यास सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी यावयाचे आहे त्याने अंगणातील टाकीसाठी हा दुसरा प्रकार निवडावा, हे उघड आहे. नाहीतर फूल त्याच्या दृष्टीस कधीच पडावयाचे नाही. कुमुदाचे कंद तळे आटल्यावरही चिखलात जिवंत राहतात व पाणी येताच फुटतात. म्हणून उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या डबक्यांसाठी कमळापेक्षा कुमुद बरे.

कमळ

कमळाची लागवड बियांपासून व गड्ड्यांपासून अशा दोन्ही रीतींनी होते. कमळाचे बी, म्हणजेच कमळगट्टा, हे वनस्पतिसृष्टीतील एक आश्चर्यच होय. त्याचे कवच इतके कठीण असते की त्यातून पाणी आत शिरत नाही, आणि त्यामुळे बी दीर्घकाळ जिवंत राहते. ईशान्य चीनमधील एका जुन्या, कोरड्या पडलेल्या तलावाच्या गाळात सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी प्रयोगशाळेत रुजविण्यात आले व ते प्रसिद्धही झाले. परंतु हेच कवच शेतकऱ्याच्या वाटेत आडवे येते. बी नुसते पाण्यात टाकले तर ते महिनोन्महिने तसेच पडून राहते. यास्तव बियाच्या अणकुचीदार टोकाच्या विरुद्ध अंगास, जेथे लहानसा खळगा असतो तेथे, कानशीने अथवा खरबरीत दगडावर घासून आतील फिकट पांढरा भाग दिसू लागेल एवढेच कवच झिजवावे. अधिक घासल्यास अंकुर दुखावतो. मग बी कोमट पाण्यात ठेवून पाणी रोज बदलावे. चांगले बी फुगून आठवड्याच्या आत अंकुर बाहेर टाकते. जे बी पाण्यावर तरंगत राहते ते बहुधा पोकळ असते.

बियांपासूनचे रोप स्वस्त पडते हे खरे, पण त्यास पहिल्या वर्षी फूल येईलच असे नाही, आणि आले तरी ते मूळ झाडासारखेच येईल याचीही खात्री नसते. ज्यास फुले विकावयाची आहेत त्याने गड्डेच लावावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी वाढ सुरू होण्याच्या वेळी, चिखलातून दोनतीन पेरांचे व शाबूत शेंड्याचे तुकडे अलगद काढावेत. शेंडा हा गड्ड्याचा प्राण होय. तो मोडला तर तुकडा बहुधा कुजतो. काढलेले तुकडे ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावावेत.

मातीच्या तळ्यात गाळ पुरेसा असेल तर गड्डे आडवे, शेंडा किंचित वर राहील असे, चिखलात बोटभर दाबून वर जड माती अथवा चपटा दगड ठेवावा. आरंभी पाणी वीतभर पुरे. पाने जसजशी वर चढतील तसतसे पाणी वाढत गेले तरी चालते. ह्याच कारणाने उन्हाळ्याच्या अखेरीस तळ्याच्या उथळ कडेला लावलेले कमळ पावसाळ्याच्या पाण्याबरोबर वर चढत जाते, आणि भरल्या तळ्याच्या मध्यभागी टाकलेले तळाशीच गुदमरते. आधी येणारी पाने लहान व पाण्यावर तरंगणारी असतात. त्यांना पाहून पीक खुरटले असे समजू नये. खरी उभी पाने त्यानंतर येतात, आणि खताची मात्राही ती दिसू लागल्यावरच द्यावयाची. त्याआधी दिलेले खत कोवळ्या मुळांना जाळते. ताजे शेण तर पाण्यात मुळीच टाकू नये. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते व मासेही मरतात.

प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात कमळ मोकळे सोडणे धोक्याचे आहे. गड्ड्यांचे शेंडे टोकदार असतात आणि ते वाढताना अडथळ्याला ढोसतात. शिवाय पुढे गड्डे काढताना फावडे लागले तर अस्तराचे नुकसान होते, आणि शेततळे तर रब्बीच्या एकदोन पाण्यांसाठी बांधलेले असते. अशा ठिकाणी दीड ते दोन फूट रुंदीच्या, तळाला भोक नसलेल्या गोल टोपल्यांत अथवा टबांत लागवड करावी. टब गोलच असावा. चौकोनी टबाच्या कोपऱ्यात गड्डे अडकून बसतात व त्यांची वाढ खुंटते. टबाचा खालचा निम्म्याहून थोडा अधिक भाग गाळाची माती व जुने, पुरते कुजलेले शेणखत यांनी भरून वर दोन बोटे जाड वाळूचा थर द्यावा. त्यायोगे माती पाण्यात मिसळून पाणी गढूळ होत नाही. उतरत्या बाजूच्या अस्तरावर टब ठेवण्यापूर्वी खाली जुनी पोती घालावीत, म्हणजे घासून छिद्र पडणार नाही.

"साहेब, कमळ लावले त्याला दोन पावसाळे झाले. पाने ही एवढी, पण कळी म्हणून नाही," असे सांगणारा शेतकरी प्रत्येक तालुक्यात भेटतो. अशा वेळी प्रथम वर पाहावे. कमळाला दिवसातून निदान सहा तास उघडे ऊन लागते, आणि तळ्याच्या काठची चिंच वा वड सावली धरून असेल तर कितीही खत घातले तरी पानेच येतात. दुसरे कारण नत्राचा अतिरेक हे होय. गोठ्याचे पाणी ज्या तळ्यात उतरते तेथे पाने काळीभोर व कळ्या थोड्या असे चित्र दिसते. टबातील कमळ असेल तर दर वर्षी फेब्रुवारीत टब उलटून गड्डे विरळ करावेत. न केल्यास तिसऱ्या वर्षी टबात मातीपेक्षा गड्डेच अधिक होतात.

आता सुगंधाविषयी. कमळाचे फूल तीनचार दिवस टिकते, पण चारही दिवसांची किंमत सारखी नसते. पहिल्या दिवशी ते पहाटे थोडेसे उमलून ऊन चढताच मिटते. दुसऱ्या दिवशी पूर्ण उमलते. तिसऱ्या दिवशी रंग फिका पडू लागतो आणि चौथ्या दिवशी पाकळ्या गळतात. सुगंध पहिल्या दिवशी तीव्र असतो. त्यामागील कारण मोठे मनोरंजक आहे. उमलण्याच्या सुमारास कमळाचे फूल स्वतःची उष्णता उत्पन्न करते. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथील शास्त्रज्ञांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे आढळले की बाहेरचे तापमान १० अंशांपर्यंत उतरले तरी फुलाच्या आतील भाग ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहतो. ह्या उबेने सुगंधी द्रव्ये हवेत उडतात, भुंगेरे आत येतात, रात्री मिटलेल्या फुलात उबेला राहतात आणि परागीकरण होते. काम आटोपले की ऊब संपते व सुगंधही ओसरतो. पहाटे फुलात बोट घालून पाहिल्यास ही ऊब कित्येकदा जाणवते. फूल पहिल्या दिवसाचे आहे किंवा कसे हे ओळखण्याची सोपी खूण अशी की मधली चपटी बोंडी पिवळीधमक असते आणि पुंकेसर तिला चिकटून बसलेले असतात. पुढे पुंकेसर सुटे होतात व बोंडी हिरवी होऊ लागते.

म्हणून फुले काढावयाची ती पहाटे, सूर्य वर येण्यापूर्वी. देवपूजेसाठी कळी लागत असल्यास उद्या उमलणार अशी भरलेली, रंग चढलेली कळी निवडावी. फार कोवळी काढलेली कळी पाण्यात ठेवूनही उमलत नाही. देठ कापताना तो पाण्याच्या पातळीच्या वर कापावा. कमळाच्या देठात हवेच्या नळ्या असतात. त्या पाण्याखाली कापल्या तर पाणी गड्ड्यापर्यंत उतरते व गड्डा कुजू लागतो. घाईने ओढून देठ उपटण्याची जी सवय मुलांना असते तिने कळीबरोबर पुढल्या वर्षाचे पीकही जाते.

मागणी गौरी-गणपती, नवरात्र व लक्ष्मीपूजन ह्या दिवसांत एकवटलेली असते, आणि सुदैवाने पावसाळा ते शरद हाच फुलांचा भर असतो. तथापि लागवडीआधी जवळच्या शहरातील फूलविक्रेत्यास भेटून तो कोणत्या रंगाची, किती व कोणत्या वेळी फुले घेईल हे पक्के विचारावे. फूल दोन दिवस घरात राहिले की त्याचे मोल शून्य होते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०२३ साली १०८ पाकळ्यांचा एक वाण प्रसृत केला असून तो वर्षातील बराच काळ फुलतो. सणांबाहेरही गिऱ्हाईक असेल तर अशा वाणाचा विचार करण्यासारखा आहे. नसेल तर गावठी गुलाबी कमळ काय वाईट?

वेखंड

पाणथळ जमीन ही अनेक शेतकऱ्यांची डोकेदुखी असते. जेथे झऱ्याचे पाणी बारमाही झिरपते, भात लोळते आणि बैल रुततो, अशा खाचराच्या कोपऱ्यासाठी वेखंडाइतके सोयीचे दुसरे पीक क्वचितच सापडेल. पाने तलवारीसारखी लांब असून त्यांची एक कड पुष्कळदा चुणीदार असते. तळ्याकाठच्या पाणकणसाच्या कोवळ्या रोपांशी त्यांची गल्लत होते. ती टाळण्यास पान चुरगाळून हुंगावे. वेखंडाचा वास एकदा घेतला की माणूस पुन्हा चुकत नाही.

भारतात सामान्यतः लावले जाणारे वेखंड बी धरीत नाही, म्हणून त्याची लागवड खोडाच्या तुकड्यांनीच करावी लागते. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे भागात हे पीक भाताप्रमाणे चिखलणी केलेल्या खाचरात घेतात, व तीच रीत आपल्याकडेही लागू पडते. कोंब असलेले तुकडे पावसाळ्याच्या आरंभी ३० सेंटिमीटर अंतराने, चार बोटे खोल लावावेत. पाणी प्रथम ५ सेंटिमीटर ठेवून पुढे १० सेंटिमीटरपर्यंत वाढवावे. पहिले दोन महिने तण काढण्यात कसूर करू नये; नंतर पाने स्वतःच जमीन झाकतात. वर्षभराने पाने पिवळी पडून सुकू लागली म्हणजे पाणी तोडावे आणि जमीन वाफशावर आल्यावर खोडे खणून काढावीत. शेंड्याकडील तुकडे पुढील लागवडीस राखून ठेवावेत.

सुगंधाच्या दृष्टीने काढणीनंतरचे दोन आठवडे सर्वांत महत्त्वाचे. खोडे धुऊन, तंतुमुळे काढून, बोटाएवढे तुकडे करून सावलीत वाळवावीत. कडक उन्हात वाळविल्यास तेल उडून जाते आणि व्यापारी तो माल हातात घेताच ओळखतो. साल सोलू नये. ओलसर राहिलेला माल पोत्यात भरला तर बुरशी येते. तुकडा मोडताना कट्‌कन आवाज आला म्हणजे वाळला असे समजावे.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे जरूर आहे. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी वेखंड लावण्याचा प्रघात चांगला आहे, कारण गाळातील पुष्कळ घाण त्याची मुळे शोषून घेतात. परंतु शोषलेली घाण त्याच खोडात राहते. गटाराच्या पाण्यावर वाढलेले वेखंड औषधासाठी कदापि विकू नये. दुसरी गोष्ट घरच्या वापराविषयी. कपड्यांत व धान्यात कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे ठेवण्याची, तसेच तान्ह्या मुलाच्या टाळूला पूड लावण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. पोटात देण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. त्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत अपाय दिसून आल्याने अमेरिकेत १९६८ साली वेखंड व त्याचे तेल खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी करण्यात आली. वैद्याच्या सल्ल्यावाचून मुलांना ते चाटवू नये, हे माल विकणाऱ्या शेतकऱ्यानेही गिऱ्हाइकास सांगावे.

काठाच्या बाहेरच्या उतारावर वाळा लावल्यास त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात व मुळांचा सुगंधही उपयोगी पडतो. केवडा मात्र तळ्याच्या वाटेवर लावू नये. त्याचे काटे गुरांना व माणसांना सारखेच त्रास देतात, आणि ज्याच्या वासासाठी तो लावावयाचा ते कणीस केवळ नर झाडालाच येते.

आंबुली

तव्यावरच्या आंबोळीशी हिचा संबंध नाही. भाताच्या खाचरात व डबक्यांच्या कडेला ही लहानशी वनस्पती तण म्हणून उगवते, आणि बेणणी करताना हाताला जो कापरासारखा वा आंब्याच्या कैरीसारखा तिखट-गोड वास लागतो तो पुष्कळदा हिचाच असतो. हिच्या अनेक जाती आहेत. जगभरच्या शोभिवंत माशांच्या व्यापारात हिच्या एका जातीस 'अंबुलिया' म्हणतात. हे ह्या गणाचे जुने शास्त्रीय नाव असून ते आपल्या आंबुलीशी किती जुळते हे सांगावयास नको. व्हिएतनाममध्ये तर हिच्या एका सुवासिक जातीची मुद्दाम शेती होते आणि माशाच्या आंबट कालवणात ती कोथिंबिरीप्रमाणे घालतात. आपण जिला उपटून फेकतो तिची दुसरीकडे जुडी बांधून विक्री होते.

हिचा एक विशेष शिकविण्यासारखा आहे. पाण्याखालील पाने केसासारखी बारीक चिरलेली असून खोडाभोवती चक्राकार असतात. तेच खोड पाण्याबाहेर आले की त्यावर साधी, दातेरी कडांची पाने येतात. एकाच झाडाला दोन प्रकारची पाने पाहून शाळेतील मुलांना फार नवल वाटते. अनोळखी माणूस ती दोन झाडे समजतो. सुगंध मुख्यतः ह्या बाहेरच्या पानांचा अनुभवास येतो. पाण्याखालची पाने चुरगाळल्यावाचून वास देत नाहीत, आणि दिला तरी तो पाण्यातच राहतो.

लागवड अगदी सोपी आहे. वीतभर लांबीचे शेंडे घेऊन खालच्या दोन पेरांवरील पाने काढावीत व ती पेरे चिखलात रोवावीत. चारपाच बोटे पाण्यात आठवड्याभरात मुळे फुटतात. मात्र ज्या खाचरावर तणनाशक वा कीटकनाशक मारले असेल तेथील शेंडे माशांच्या पात्रासाठी घेऊ नयेत, आणि खाण्यासाठी तर नाहीच नाही.

घरातील काचपात्र

शहरात व आता मोठ्या गावांतही घरात काचेचे मत्स्यपात्र ठेवण्याची हौस वाढली आहे. त्यामुळे शेतकऱ्यास आंबुलीच्या स्वच्छ, निरोगी जुड्यांचे एक छोटे गिऱ्हाईक मिळू शकते, आणि शाळेत वा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात असे पात्र मांडल्यास पाण्यातील जीवनाचा तो चालताबोलता धडाच होतो.

पात्रात धुतलेली जाड वाळू तीन बोटे घालावी. नळाचे पाणी असेल तर ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बव्हंशी निघून जाते. आंबुलीचे शेंडे कापताना निघणारा रस माशांना बाधतो असे जुने हौशी लोक सांगतात. म्हणून शेंडे पात्रातच कात्रीने न कापता बाहेर कापून, वेगळ्या भांड्यात एक दिवस बुडवून, धुऊन मग लावावेत. पात्रास थेट दुपारचे ऊन लागू देऊ नये. त्याने आठवड्यात हिरवे शेवाळ माजते. सुमारे आठ तास चांगला उजेड पुरतो.

सुगंध हवा असेल तर पात्र काठोकाठ भरून वर झाकण घालण्याची सामान्य रीत सोडावी लागते. पाणी चारपाच बोटे कमी ठेवून शेंड्यांना वर येऊ द्यावे. बाहेरची पाने आली की खिडकीशी हात फिरविताच वास दरवळतो. ज्यास मासे नको असतील त्याने काचेऐवजी जुने घंगाळ वा सिमेंटची कुंडी अंगणात उन्हात ठेवून त्यात कुमुदाचा एक कंद व कडेला आंबुली लावावी. काचपात्रातील कुमुद पाने पुष्कळ देते, पण अंगणातील उन्हावाचून त्यास फूल येणे कठीण. अशा प्रत्येक कुंडीत दोनचार गप्पी मासे सोडणे हे घरच्यांचे व शेजाऱ्यांचे देणे समजावे. साचलेले पाणी म्हणजे डासांची पैदास. गप्पी डासांच्या अळ्या खातात. पण ते मासे ओढ्यात वा नदीत सोडू नयेत, कारण ते बाहेरून आलेले असून देशी लहान माशांच्या वाट्याचे खातात.

तळे झाकू नये

पाणवनस्पतीस कुंपण ठाऊक नसते. मत्स्यपात्रांतून बाहेर पडलेली आंबुलीची एक आशियाई जात अमेरिकेच्या फ्लॉरिडा व टेक्सास राज्यांतील पाण्यात पसरली आणि तेथे तिची गणना उपद्रवी तणांत झाली. आपल्याकडे जलपर्णीने काय केले आहे हे नदीकाठच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. तिची जांभळी फुले पाहून कोणी ती तळ्यात आणू म्हणेल तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. काचपात्र साफ करताना निघालेले तुकडेही गटारात वा ओढ्यात न टाकता वाळवून खतात घालावेत.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेल्या ह्या तलावांवर भाताचे ओलित आणि ढीवर समाजाची मासेमारी दोन्ही चालत आली आहेत. पुढे कित्येक तलावांत बेशरम माजली, देशी वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे मासेही कमी झाले. अलीकडच्या काळात भंडारा-गोंदिया भागातील ढीवर स्त्रीपुरुषांनी काही तलावांतून बेशरम उपटून काढली आणि उन्हाळ्यात तळाची नांगरट करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेथे मासळी व पक्षी परत आल्याचा अनुभव आहे. ह्या लोकांना कोणती वनस्पती माशांना अंडी घालण्यास आश्रय देते व कोणती जाळे अडविते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कमळही अति झाले तर जाळे अडविते. गावतळ्यात कमळ लावण्याचा ठराव करताना ग्रामपंचायतीने मासेमारी संस्थेस आधी विचारावे. ठेका त्यांचा आणि फुले दुसऱ्याची, असे झाले की पहिल्याच हंगामात भांडण उभे राहते व अखेर कमळ उपटले जाते.

पृष्ठभागाच्या एक तृतीयांशाहून अधिक भागावर पाने दिसू लागली की कमळ हाताबाहेर चालले असे समजावे. पावसाळ्यात हे काम होत नाही. पाणी उतरल्यावर, पौष-माघात, जुनी पाने वाळली असता कडेकडेने गड्डे खणून काढावेत. निघालेले गड्डे भाजीसाठी विकले जातात, वाळलेली पाने खतात जातात, आणि सांडव्याच्या तोंडाशी दोन वाव जागा नेहमीसाठी मोकळी ठेवावी. पाने व देठ सांडव्यात अडकून पुराचे पाणी बांधावरून गेले तर त्या वर्षी तळेही राहत नाही व कमळही.